तेरा-चौदा वर्षांच्या पोरांना दुसऱ्याचं दुःख कळत नाही, की दाखवता येत नाही?

खानापूर_मास्तर

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, सरकारी मराठी उच्च प्राथमिक शाळेत शिकवतो. सहावी-सातवीचा वर्ग माझ्याकडे. प्रश्न विचारायचा आहे, तेव्हा आधी प्रसंग सांगतो.

यंदा सातवीत एक मुलगा मध्येच दाखल झाला. वडील वीटभट्टीवर, आई बैलहोंगलकडची, घरात सगळं कन्नड. मराठी वाचतो बरं, खरं लिंग चुकतं. ‘माझा आई आला’, ‘तो पुस्तक दिली’ असं काहीतरी होतं. मग मागच्या दोन बाकांवरून नक्कल सुरू. बिसी ऊटच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या, रांगेत तर त्याच्या ताटात भात पडला की सगळे एका सुरात ‘भात आली, भात आली’. पोरगं मान खाली घालून जेवतं.

आता दुसरी गोष्ट. हीच पोरं, अगदी तीच. जांबोटी रस्त्याला एका कुत्र्याच्या पिल्लाच्या पायावरून टेम्पो गेला. ह्यांनी ते उचलून शाळेत आणलं, एकाने गळ्यातला रुमाल फाडून पाय बांधला, मिळणाऱ्या दुधातलं अर्धं अर्धं त्याला पाजलं. नक्कल करण्यात जो सगळ्यात पुढं, तो पिल्लापाशी बसून रडत होता. लपून नाही, उघड.

स्टाफरूममध्ये उत्तर तयार असतं: ‘आजकालची पोरं निबर झालीत.’ मला ते पटत नाही. निबर पोरगं कुत्र्यासाठी रडेल कशाला? अकरा ते चौदा ह्या वयात माणसाच्या आत नेमकं काय चालतं, कुणी नीट सांगेल का?

वडगावकर

मास्तर, एका शब्दात उत्तर: मोबाइल. दिवसभर रील बघतात, त्यात कुणी पडलं-आपटलं की हसायचं असतं. तेच इथं.

जुनाजाणता

वडगावकर, मी निवृत्त मुख्याध्यापक आहे. चाळीसएक वर्षांपूर्वी आमच्या शाळेत एका तोतऱ्या मुलाला जे नाव पाडलं होतं ते इथं लिहिता येणार नाही. तेव्हा गावात टीव्हीसुद्धा दोनच घरांत होता. शहापुरात, अनगोळात, कुठल्याही गल्लीत जाऊन साठीच्या माणसांना विचारा, अर्ध्यांना लहानपणी पडलेली टोपणनावं अजून चिकटलेली आहेत. मोबाइलने इतर पुष्कळ नुकसान केलं असेल, ह्याचं खापर त्याच्यावर नको.

मास्तरांनी दोन्ही प्रसंग शेजारी ठेवले हे बरं केलं. आपण एरवी एकच बघतो आणि पोराला ‘दुष्ट’ किंवा ‘गुणी’ असा शिक्का मारून मोकळे होतो.

मेंदूचा_किडा

मूळची बेळगावची, सध्या धारवाडला मानसशास्त्रात एम.ए. करते. हा माझा आवडता विषय, त्यामुळे प्रतिसाद लांबणार.

दुसऱ्याचं दुःख कळणं ही एक गोष्ट नसते, निदान दोन असतात. एक, दुसऱ्याला दुखतंय हे बघून आपल्या पोटात कालवणं. दुसरी, त्याच्या जागी उभं राहून ‘ह्याला आत्ता काय वाटत असेल’ हे डोक्याने ओळखणं. पहिली फार लवकर येते. एक बाळ रडलं की शेजारची बाळं रडतात, हे नवजात बाळांवर १९७६ मध्येच तपासलं गेलंय. दीड-दोन वर्षांचं मूल रडणाऱ्याला आपली बाहुली नेऊन देतं. दुसरी मात्र वर्षानुवर्षं घडत राहते, आणि ती मोठी होण्याचा मुख्य काळ म्हणजे नेमकं हेच वय.

लंडनमध्ये सारा-जेन ब्लेकमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१० चा एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. पडद्यावर खणाखणांचं कपाट. काही खण मागून बंद. कपाटाच्या पलीकडे एक माणूस उभा, त्याला बंद खणांतलं दिसत नाही. तो सांगतो, ‘लहान चेंडू डावीकडे सरकव.’ तुम्हाला तीन चेंडू दिसतात, पण सगळ्यात लहान आहे तो बंद खणात, म्हणजे तो त्याच्या हिशोबात नाहीच. तेव्हा सरकवायला पाहिजे मधला. सात वर्षांपासून सत्तावीसपर्यंतच्या मुली-बायकांना हे दिलं. नियम सगळ्यांना समजलेला होता. तरी ऐन वेळेला ‘मला दिसतं म्हणजे त्याला दिसतं’ अशी चूक होत राहायची. माणूस काढून टाकून नुसता नियम दिला, की चौदा-पंधराच्या पुढच्या मुली मोठ्यांइतक्याच पटाईत. माणूस परत आणला की मागे. म्हणजे पोरांना समोरच्याच्या जागी जाता येतं, पण वेळेवर, गडबडीत, आपोआप जाणं पुढं विशीपर्यंत सुधारत असतं.

आता मास्तरांचं पिल्लू. पिल्लाचं दुखणं डोळ्यांना दिसतं. रक्त आहे, कुईकुई आहे. तिथं पहिली गोष्ट पुरते. भाताच्या रांगेतल्या मुलाचं दुखणं दिसत नाही, कारण तो गप्प राहतो, कदाचित थोडं हसतोसुद्धा. ते ओळखायला दुसरी गोष्ट लागते, आणि तीही दहा जण बघत असताना.

वडगावकर

बाई, आमच्या भाषेत सांगायचं तर लूमवर ताणा आधी भरलेला असतो, बाणा एकेक धावेनं भरत जातो. पोरांचा ताणा हाय, बाणा अर्धा भरलाय. बरोबर?

मेंदूचा_किडा

@वडगावकर, अगदी. प्रबंधात घालू का?

वडगावकर

घाला की. खाली नाव घाला फक्त.

तिसरं_गेट

माझी अडचण उलटी आहे म्हणून लिहिते. मुलगी आठवीत. हिला कुणाचं दुःख कळत नाही असं नाहीच, जास्तच कळतं. मैत्रिणीच्या आई-वडिलांचं भांडण झालं की ही जेवत नाही. रात्री दोघी फोनवर तेच तेच उगाळतात. ‘तू काही मदत केलीस का तिला’ म्हटलं तर म्हणते, ‘मम्मी, मलाच इतकं वाईट वाटतंय, मी काय करणार?’ सासूबाई म्हणतात, पोरगी मायाळू आहे. मला हे मायेपेक्षा वेगळं काहीतरी वाटतंय.

मेंदूचा_किडा

@तिसरं_गेट ताई, तुमचा अंदाज बरोबर आहे. मार्क डेव्हिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या सुमाराला एक प्रश्नावली केली, २८ विधानांची. आजही जगभर तीच वापरतात. त्यात चार वेगवेगळी मापं आहेत: दुसऱ्याच्या नजरेने बघता येणं, दुसऱ्याची काळजी वाटणं, गोष्टीतल्या पात्रांत रमणं, आणि दुसऱ्याचं दुःख बघून स्वतःच घाबरंघुबरं होणं. शेवटच्याचा गुण असा की माणूस मदत करायच्या ऐवजी तिथून निसटायची वाट शोधतो. नॅन्सी आयझेनबर्ग यांचं बरंच काम ह्या फरकावर आहे. ज्या मुलांना आपल्या भावना आवरता येतात त्यांच्यात काळजी टिकते. ज्यांना आवरत नाहीत त्यांची काळजी घाबरण्यात बुडून जाते.

आणि फोनवर तेच तेच उगाळण्याबद्दल. अमांडा रोझ यांनी २००२ मध्ये तिसरी ते नववीच्या मुलामुलींवर काम केलं. मुलींमध्ये हे जास्त, आणि वयाबरोबर वाढतं. त्यातून मैत्री घट्ट होते हे खरं, पण जोडीला उदासी आणि काळजीही येते. तेव्हा फोन हिसकावू नका, मैत्रीच तुटेल.

एक सोपी गोष्ट करता येते. ‘तुझ्यावर अशी वेळ आली तर?’ असं तिला विचारू नका. ‘तिला आत्ता काय पाहिजे असेल?’ असं विचारा. डॅनियल बॅटसन यांनी १९९७ मध्ये दाखवलंय की स्वतःला त्या जागी कल्पलं की काळजीबरोबर घाबरणंही वाढतं, समोरच्याला काय वाटत असेल एवढंच कल्पलं तर बहुतेक काळजीच राहते.

तिसरं_गेट

हे करून बघते. आपण सगळेच पहिला प्रश्न विचारतो ना? ‘तुला कुणी असं केलं तर चालेल का?’ हे तर प्रत्येक आईचं ठरलेलं वाक्य.

जुनाजाणता

मास्तरांचंही. आणि पोरांचं उत्तरही ठरलेलं: ‘चालेल की.’

पीयूसी_सेकंड

मी ह्या धाग्यावर बहुतेक सगळ्यात लहान. हायस्कूल संपून दोन वर्षं होतील, म्हणून आठवतंय. मी मास्तरांच्या वर्गातल्या त्या मुलाच्या जागी होतो. भाषेमुळे नाही, जाड होतो म्हणून.

तुम्ही लोक म्हणताय मुलांना कळत नाही. कळतं, सर. सगळ्यांना कळत होतं. हसायचे त्यातले दोघे माझ्याच गल्लीत राहायचे. शाळा सुटल्यावर आम्ही तिघं सायकली ढकलत घरी यायचो तेव्हा ते एकदम नीट बोलायचे. एकाने तर एकदा विचारलं, ‘तुला लई लागतंय काय रे?’ आणि दुसऱ्या दिवशी वर्गात परत तेच. मी खूप विचार केला ह्याच्यावर. जो हसत नाही, उद्याचा नंबर त्याचा असतो. म्हणून सगळे हसतात. आणि हसताना एकमेकांकडं बघत असतात, माझ्याकडं कोण बघत नव्हतं.

आता आमच्या कॉलेजात असं होत नाही. तीच मुलं आहेत. एकाने तर मागच्या वर्षी सॉरी पण म्हटलं, मला नको होतं खरं.

खानापूर_मास्तर

बाळा, ‘एकमेकांकडं बघत असतात’ हे तू जे लिहिलंस ते मी उद्यापासून वर्गात बघणार आहे. नक्कल करणाऱ्याकडे मी बघत आलो, बाकीच्यांच्या डोळ्यांकडे बघायला पाहिजे.

मेंदूचा_किडा

@पीयूसी_सेकंड, तू जे सांगितलंस ते फिनलंडमध्ये क्रिस्टिना सॅल्मिवल्ली यांनी १९९६ मध्ये सहावीच्या वर्गांत मोजलं. छळणारा एखादा असतो. त्याला हातभार लावणारे थोडे, हसून रंगत वाढवणारे थोडे, न बघितल्यासारखं करणारे पुष्कळ, आणि बाजू घेणारेही थोडे. पुढं त्यांच्याच तुर्कू विद्यापीठात शाळांसाठी एक कार्यक्रम तयार झाला, तो ह्या हसणाऱ्या आणि बघणाऱ्यांवर काम करतो. खेळ प्रेक्षकांसाठी चाललेला असतो, प्रेक्षक उठून गेले की बंद पडतो.

वयाचंही ऐका. नेदरलँड्समध्ये १३ ते १८ वर्षांच्या ४९७ मुलामुलींना वर्षावर्षाने तेच प्रश्न विचारत गेले, २०१४ मध्ये छापून आलं. मुलींची दुसऱ्याच्या नजरेने बघण्याची ताकद तेरापासूनच वाढत जाते. मुलांची पंधराच्या आसपास वाढायला लागते. आणि मुलांची ‘काळजी वाटणं’ तेरा ते सोळा ह्या काळात चक्क उतरतं, अठरापर्यंत परत जागेवर येतं. शरीराने लवकर वाढलेल्या मुलांमध्ये ते आणखी कमी.

पण ह्यात एक मेख आहे. हे मुलांनी स्वतःबद्दल दिलेलं उत्तर आहे. चौदा वर्षांचा पोरगा कागदावर ‘मला दुसऱ्यांची काळजी वाटते’ ह्या वाक्यासमोर बरोबरची खूण करेल? पुरुषासारखं वागायचं असतं हे त्याला त्याच वर्षी कळलेलं असतं. म्हणजे आकडा उतरला, त्यात काळजी किती उतरली आणि कबुली किती उतरली, हे त्या कागदावरून वेगळं काढता येत नाही. धाग्याच्या शीर्षकातला प्रश्न तिथंच अडकलेला आहे.

वडगावकर

माझा पोरगा नववीत. आजी आजारी होती तेव्हा तिच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. मी लई बोललो त्याला. आजी गेल्यावर बघितलं तर त्याच्या फोनवर आजीचे पंचवीसभर व्हिडिओ. दारातनं घेतलेले.

एवढंच. बाकी मोबाइलबद्दल माझं मत तेच हाय.

निपाणीची_सून

वडगावकर काका, वाचून थांबले जरा.

मी निपाणी भागातली, आरोग्य खात्यात काम करते. २०१९ च्या ऑगस्टमधला पूर आठवतो सगळ्यांना. वेदगंगा-दूधगंगेच्या काठची गावं उठवून शाळांत आणली होती. त्या निवारा केंद्रात मी होते. अकरा ते चौदाची पोरं कशी वागली ते सांगते.

पहिल्या दिवशी बाहेरून बघायला आलेली पोरं फोटो काढत हिंडत होती. हसत पण होती, कुणाच्या म्हशी कुठं बांधल्यात ह्यावरून. केंद्र चालवणाऱ्या गुरुजींनी कुणाला रागावलं नाही. एकेकाला कामं वाटली. तू ह्या आज्जीच्या गोळ्यांचं वेळापत्रक बघायचं. तू ह्या खोलीतल्या लहान पोरांना दोन वेळा पाणी. नाव घेऊन, माणूस दाखवून. दोन दिवसांत तीच पोरं ‘आमच्या आज्जीला बीपीची गोळी मिळाली नाही’ म्हणून माझ्याशी भांडायला आली. ‘आमच्या आज्जी’ म्हणे! आज्जी कुठल्या गावची हे पण माहीत नव्हतं.

मला मानसशास्त्र येत नाही. खरं एवढं बघितलंय की ‘पूरग्रस्तांना मदत करा’ म्हटलं की पोरं इकडं-तिकडं करतात, एका माणसाचं एक काम दिलं की चिकटतात.

खानापूर_मास्तर

ताई, हे सोनं आहे. आमच्याकडे मूल्यशिक्षणाच्या नावाखाली उलट चालतं. फळ्यावर ‘दया’ लिहायचं आणि त्यावर दहा ओळी. ज्याने नक्कल केली त्याच्याच दहा ओळी सगळ्यात छान असतात!

काकती_हायवे

सगळं वाचलं. एक गोष्ट कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. तो मुलगा जाड असता किंवा तोतरा असता तर वेगळं. तो कन्नड बोलतो. आपल्या पोरांच्या मनात ते कुठनं आलं? १ नोव्हेंबरला, म्हणजे कर्नाटकच्या राज्योत्सवाला आणि आपल्या काळ्या दिनाला, घरात काय बोलणं होतं? २०२२ च्या डिसेंबरात दोन्हीकडच्या बसवर दगड पडले, काळं फासलं, तेव्हा टीव्हीसमोर बसून आपण काय बोललो? पोरं तेच ताटात वाढून घेतात. आणि तिकडच्या शाळेत मराठी पोराची नक्कल होत नाही असं पण नाही. माझ्या भाच्याला विचारा.

सीमावासीय६५

म्हणजे आता अन्याय आमच्यावर आणि सहानुभूती पण आम्हीच शिकायची? १९५६ पासून...

व्यवस्थापक

सीमाप्रश्नाचा स्वतंत्र धागा आहे आणि तो भरपूर लांब आहे. इथे मुलांबद्दल बोलू. वरच्या प्रतिसादाचा पुढचा भाग तिकडे हलवला आहे.

मेंदूचा_किडा

व्यवस्थापक, तुमचं मान्य, पण काकतीकरांनी विषय सोडलेला नाही. दुसऱ्याचं दुःख सगळ्यांसाठी सारखं जाणवत नाही. ‘आपला’ आणि ‘परका’ ह्यात ते वाटलं जातं, मोठ्यांतही. आणि ह्या वयात ‘आपला’ कोण हे ठरवण्याची घाई सगळ्यात जास्त असते.

अमेरिकेत ओक्लाहोमात १९५४ मध्ये मुझफर शेरीफ यांनी उन्हाळी शिबिरात २२ मुलगे आणले. वय ११-१२. सगळे एका धर्माचे, एका रंगाचे, सारख्या घरांतले, एकमेकांना न ओळखणारे. दोन गट पाडले. गटांनी आपापली नावं ठेवली, झेंडे केले. मग रस्सीखेच, बेसबॉल, जिंकणाऱ्याला बक्षीस. थोड्याच दिवसांत झेंडे जाळणं, खोल्यांवर धाडी, शिव्या. भाषेचा फरक नव्हता, इतिहास नव्हता, कुठलाही आयोग बसला नव्हता.

पुढचा भाग शिक्षकांच्या कामाचा. भांडण मिटवायला आधी दोन्ही गटांना एकत्र जेवायला बसवलं. त्यांनी एकमेकांवर अन्न फेकलं. मग पाण्याची टाकी बंद पाडली, ट्रक अडकवून ठेवला. जी दोरी रस्सीखेचीला होती तीच ट्रकला बांधून दोन्ही गटांनी मिळून ओढला. अशी कामं एकामागून एक येत गेली तेव्हा शिव्या थांबल्या.

जुनाजाणता

मुली, ह्या शिबिराची दुसरी बाजूही सांग. आदल्या वर्षी, १९५३ मध्ये, शेरीफ यांनी असंच शिबिर घेतलं होतं. तिथली मुलं गट पाडायच्या आधी एकमेकांची मित्र झालेली होती. मोठी माणसं मुद्दाम काड्या करताहेत हे त्यांनी ओळखलं, आणि काही केल्या भांडेनात. शिबिर गुंडाळावं लागलं. मला तर दुसऱ्यापेक्षा हेच शिबिर जास्त महत्त्वाचं वाटतं.

मेंदूचा_किडा

सर, मी दंडवत घालते. हो, खरं आहे. ‘मुलं मुळातच टोळीबाज’ असा अर्थ त्यातून काढणं चुकीचं. त्यांना आधी मैत्री मिळाली की काड्या पेटत नाहीत.

काकती_हायवे

आणि काड्या करणारे मोठेच असतात. दोन्ही शिबिरांत.

खानापूर_मास्तर

थोडे दिवस लिहू शकलो नाही, परीक्षा होत्या. काय काय केलं ते लिहितो.

दोन-चार तास नुसतं बघितलं. पीयूसीवाल्या मुलाने सांगितलं तसंच. नक्कल झाली की नऊ-दहा डोळे पुढारी पोराकडे जातात, तो हसला की हसतात. एक मुलगी आणि मागच्या बाकाचा एक पोरगा कधीच हसत नाहीत, वहीत बघतात.

मग पुढाऱ्याला एकट्याला गाठलं, भांडी घासायच्या नळाजवळ. ‘तुला कुणी असं केलं तर’ हे विचारलं नाही. म्हटलं, ‘तू भात आली म्हणतोस तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघितलंस का कधी?’ म्हणाला, ‘नाही सर.’ ‘मग उद्या बघ आणि मला येऊन सांग काय दिसलं.’ शिक्षा नाही, उपदेश नाही. दुसऱ्या दिवशी आपणहून आला नाही. बोलावलं तर म्हणाला, ‘तो आधीच खाली बघतोय सर, आम्ही काय बोलायच्या आधी.’ आणि गप्प. त्याला जे दिसलं ते त्याच्या तोंडून आलं, मला तेवढं पुरे होतं.

मेंदूचा_किडा

सर, मार्टिन हॉफमन यांनी आयुष्यभर हेच सांगितलं. ओरडलं की मुलाला भीती वाटते आणि त्याचं सगळं लक्ष स्वतःवर जातं. तुझ्या वागण्याने त्याला काय झालं एवढं शांतपणे दाखवलं की लक्ष समोरच्यावर जातं. आणि नळाजवळ, एकट्याला, हे फार बरं केलं. वर्गात विचारलं असतं तर त्याने प्रेक्षकांसाठी उत्तर दिलं असतं.

खानापूर_मास्तर

पुढचं ऐका. आमच्या पोरांना सगळ्यात कशाची भीती? कन्नड विषयाची. ओत्तक्षर (कन्नड जोडाक्षर) आलं की अर्धा वर्ग गळपटतो. आणि वर्गात ज्याची कन्नड अस्सल, तो एकच. मग मी कन्नडचा धडा चार तुकड्यांत कापला. चार-चारचे गट. प्रत्येकाकडे एक तुकडा, बाकीच्यांनी वाचायचा नाही, ज्याचा त्याने समजावून सांगायचा, आणि शेवटी सगळ्या धड्यावर प्रश्न. तो मुलगा पुढाऱ्याच्या गटात घातला.

मेंदूचा_किडा

ही पद्धत तुम्ही कुठं वाचली की सुचली? टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात १९७१ मध्ये एलियट अॅरन्सन यांनी हुबेहूब हेच केलं होतं. तिथं गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना पहिल्यांदा एका वर्गात बसवलं होतं आणि रोज तणाव व्हायचा. तुकडा ज्याच्याकडे आहे त्याचं ऐकून घेतल्याशिवाय आपल्याला मार्क नाहीत, असा तो डाव होता. अडखळत बोलणाऱ्याला चिडवून काही मिळत नाही म्हटल्यावर मुलं त्याला नीट प्रश्न विचारायला लागली.

खानापूर_मास्तर

एका जुन्या प्रशिक्षणात ऐकलं होतं, बहुतेक तिथनंच राहिलं डोक्यात. नाव माहीत नव्हतं.

काय झालं ते खरं खरं सांगतो. पहिल्या तासाला गोंधळ. दोन गटांनी तुकडे अदलाबदल करून वाचून टाकले. त्या मुलाच्या गटात पुढारी म्हणाला, ‘तूच सगळं सांग, आम्हाला कशाला त्रास.’ म्हणजे त्याला हमाल केला! दुसऱ्या खेपेला मी प्रश्न एकेकाला वेगळे विचारायला लागलो, तेव्हा कान उघडले. आता पुढारी त्याला ‘ए, हे ज्ञ कसं म्हणायचं’ असं विचारतो. तोही एकदा म्हणाला, ‘तू भात आली म्हणतोस तसं मीपण तुझ्या कन्नडला हसू काय?’ आणि दोघे हसले. मी फळ्याकडे तोंड केलं.

रांगेतलं ‘भात आली’ बंद झालंय असं नाही. कमी झालंय. दुसऱ्या एका टोळक्याने उचललंय, सहावीतल्या.

तिसरं_गेट

मुलीबद्दल लिहायचं राहिलं. ‘तिला काय पाहिजे असेल’ हा प्रश्न विचारला. ती बराच वेळ विचार करून म्हणाली, ‘तिला आपल्याकडे येऊन झोपायचं असेल एक दिवस.’ शनिवारी मैत्रीण आली होती. घरी भांडणाबद्दल दोघी अक्षर बोलल्या नाहीत, कुंदा संपवला आणि मला न विचारता फ्रिज.

निपाणीची_सून

मास्तर, सहावीच्या टोळक्यासाठी एक सुचवते. तुमच्या आवारात अंगणवाडी आहे का? कॅनडात मेरी गॉर्डन यांनी १९९६ मध्ये सुरू केलेला एक कार्यक्रम आम्हाला एका कार्यशाळेत सांगितला होता. तान्हं बाळ आईबरोबर वर्षभर अधूनमधून वर्गात येतं. पोरांनी ओळखायचं, हे आत्ता का रडतंय, भूक आहे की झोप आहे की सगळे एकदम अंगावर आलात म्हणून घाबरलंय. बाळ बोलत नाही, त्यामुळे बघूनच ओळखायला लागतं. आपल्याकडं तर लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत बाळांची रांगच असते.

खानापूर_मास्तर

आहे, भिंतीला भिंत लागून. सेविकाताईंशी बोलतो. एवढ्या दंगेखोरांना बाळांजवळ पाठवायला त्या तयार होतील का हा प्रश्न आहे.

पीयूसी_सेकंड

सर, एक सांगू? गट पाडताना त्यांच्या मनानं पाडू देऊ नका, आणि गल्लीनं पण नको. एक-दोन-तीन-चार म्हणत मोजा. एका गल्लीतले दोघं एका गटात आले की ते दोघंच आपसात बोलतात. आणि प्रत्येक वेळी त्यालाच कन्नड देऊ नका. एखाद्या वेळी गणिताचा तुकडा द्या, नाहीतर तो कायमचा ‘कन्नडवाला’ होऊन बसेल.

खानापूर_मास्तर

हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. सोमवारी गणिताचा धडा कापतो. अपूर्णांक आहेत, तिथं तर सगळेच परके.

वडगावकर

मास्तर, गणिताचे तुकडे कापलेत की फोटो टाका इथं. आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या अभ्यासिकेत नववीची बारा पोरं बसतात, त्यांच्यावर करून बघतो. मोबाइल बाहेर ठेवूनच.